कावीळ: एका शब्दाआड दडलेले पाच विषाणू आणि जपून ठेवलेल्या रक्ताची गोष्ट

१/
‘कावीळ’ हा मराठीतला जुना आणि फार व्यापक शब्द आहे. डोळे पिवळे पडले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली, की नांदेड जिल्ह्यातल्या भोकरपासून कोल्हापूरच्या पेठांपर्यंत निदान एकच होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र कळून चुकले, की या एका शब्दाआड किमान पाच वेगवेगळे विषाणू दडलेले आहेत. त्यांपैकी दोघांना तर कित्येक वर्षे स्वतःचे नावही नव्हते. ते दोघे एकमेकांपासून कसे ओळखले गेले, आणि त्यात पुण्याचा वाटा काय होता, याचा हा इतिहास.

२/
मुळात कावीळ हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. जुन्या झालेल्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. त्याची विल्हेवाट लावण्याचे काम यकृत करते. यकृताला सूज आली की हे द्रव्य रक्तात साचते आणि डोळ्यांत, त्वचेत उतरते. म्हणजे पिवळेपणा एवढेच सांगतो, की यकृत अडचणीत आहे. ते कोणामुळे अडचणीत आहे, याविषयी तो मौन पाळतो.

३/
या मौनातूनच लोकोपचार फोफावले. मंतरलेली माळ डोक्यावर ठेवायची. ती वाढत वाढत गळ्यात उतरली की कावीळ उतरली. चुन्याच्या निवळीत हात धुवायचे. पाणी पिवळे झाले की रोग धुतला गेला. पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. बरे करत होते शरीर; श्रेय मिळत होते माळेला.

४/
विज्ञानाची वाटही प्रारंभी धूसरच होती. १९४२ मध्ये अमेरिकी सैन्याला पीतज्वराची लस टोचण्यात आली. तिच्या काही साठ्यांत मानवी सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पिवळसर द्रव, मिसळलेले होते. परिणामी सुमारे पन्नास हजार सैनिकांना कावीळ झाली. दूषित अन्नपाण्यावाचूनही, केवळ सुईवाटे कावीळ पसरते, हे या आपत्तीने उघड केले.

५/
१९४७ मध्ये ब्रिटिश संशोधक मॅककॅलम यांनी दोन प्रकारांना दोन अक्षरे सुचवली. अन्नपाण्यातून पसरणारी ती ‘हिपॅटायटिस ए’ आणि रक्तावाटे पसरणारी ती ‘हिपॅटायटिस बी’. विषाणू अजून कोणी पाहिलेला नव्हता. पाहिला होता तो केवळ प्रसाराचा मार्ग. वर्गीकरण सुबक होते: पाण्याची कावीळ म्हणजे ए, रक्ताची कावीळ म्हणजे बी. पुढची तीन दशके जग याच चौकटीत विचार करत राहिले.

६/
१९६५ मध्ये बारूच ब्लमबर्ग यांनी एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात सापडलेल्या वेगळ्या प्रथिनाविषयी लिहिले. ते बी विषाणूचे आवरण असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि १९७६ मध्ये ब्लमबर्ग यांना नोबेल मिळाले. १९७३ मध्ये फाइनस्टोन, कापिकियन आणि पर्सेल यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ए विषाणू दाखवला. आता दोन्ही विषाणूंच्या चाचण्या हाती आल्या. कोडे सुटले, असे वाटण्याचाच तो क्षण होता.

७/
त्याच क्षणी चौकट मोडली. अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हार्वे ऑल्टर रक्त दिलेल्या रुग्णांचा पाठपुरावा करत होते. रक्त चढवल्यानंतर कावीळ झालेल्या अनेकांत बी विषाणू सापडत नव्हता. नव्या चाचणीने पाहिले, तर ए विषाणूही नव्हता. १९७५ मध्ये या गटाने निष्कर्ष प्रसिद्ध केला आणि पुढे या रोगाला नाव पडले ‘नॉन-ए, नॉन-बी’. म्हणजे ‘हा नव्हे आणि तोही नव्हे’. ओळख नसल्याचीच ती कबुली होती.

८/
आता दिल्लीकडे वळावे लागते. १९५५ च्या पावसाळ्यात यमुनेला पूर आला, आणि पुरानंतर नदीने आपले पात्र बदलले. नजफगढ नाल्याचे सांडपाणी वजिराबादच्या पाणी उपसा केंद्राकडे वळले. धोका ओळखून अधिकाऱ्यांनी क्लोरीनचे प्रमाण वाढवले. विषमज्वर, हगवण यांसारखे जिवाणूंचे रोग त्यामुळे आटोक्यात राहिले. विषाणू मात्र निसटला. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये दिल्लीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली.

९/
पाण्याची कावीळ म्हणजे ए, हा नियम लावून ती साथ ‘ए’च्या खात्यात नोंदवली गेली. पण त्यात एक विसंगती होती. त्या काळच्या भारतात ए विषाणू जवळजवळ प्रत्येकाला बालपणीच गाठत असे आणि आयुष्यभराची प्रतिकारशक्ती देऊन जात असे. मग दिल्लीत तरुण, प्रौढ माणसे एवढ्या संख्येने कशी आजारी पडली? आणि गर्भवती स्त्रियांना हा आजार विशेष जड का गेला? प्रश्न होते, उत्तर शोधण्याचे साधन नव्हते. साधन नसताना एकच शहाणपणाची गोष्ट करता येते: नमुने जपून ठेवणे. दिल्लीच्या काही रुग्णांचे सीरम तसे जपले गेले.

१०/
पुण्यात १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून व्हायरस रिसर्च सेंटर स्थापन केले. डास, गोचीड अशा कीटकांवाटे पसरणारे विषाणू हा तिचा आरंभीचा विषय. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा भागात क्यासनूर जंगलज्वराचा शोध याच संस्थेने लावला. १९७८ मध्ये तिचे नाव राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले. संस्थेच्या पहिल्या महिला संचालक डॉ. खुर्शीद पावरी यांच्या काळात काविळीचे संशोधन येथे जोमाने पुढे गेले.

११/
१९८० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक निबंध आला. लेखकांत अमेरिकेतील वाँग आणि पर्सेल होते. पुण्याचे श्रीनिवासन, प्रसाद आणि पावरी होते. पर्सेल म्हणजे तेच, ज्यांनी ए विषाणू पाहिला होता आणि ‘ए नव्हे, बी नव्हे’ म्हणणाऱ्या १९७५ च्या निबंधावरही ज्यांचे नाव होते. या गटाने दिल्लीच्या साथीतले जुने सीरम आणि अहमदाबादच्या १९७५-७६ च्या साथीतले नमुने नव्या चाचण्यांखाली घातले. पंचवीस वर्षांपूर्वीचे रक्त साक्षीला उभे राहिले.

१२/
चाचणीमागचा तर्क साधा आहे. विषाणू शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. आधी येतात ‘एम’ वर्गाची प्रतिपिंडे. ती ताज्या संसर्गाची खूण असून काही महिन्यांत ओसरतात. मागाहून येतात ‘जी’ वर्गाची. ती जुन्या भेटीची आठवण म्हणून वर्षानुवर्षे राहतात. रुग्णांच्या सीरममध्ये ए विषाणूविरुद्धची जुनी आठवण होती, ताजी खूण नव्हती. ए विषाणू त्यांना लहानपणीच भेटून गेला होता. या साथींचा गुन्हेगार तो नव्हता. बी देखील नव्हता.

१३/
त्याच सुमारास काश्मीरमध्ये डॉ. मोहम्मद सुलतान खुरू हे स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोचत होते. १९७८ मध्ये तेथील खोऱ्यात काविळीची मोठी साथ आली. खुरू यांनी गावोगाव जाऊन रुग्ण तपासले, रक्त गोळा केले. १९८० मध्येच प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने सुचवले, की हा यकृतदाहाचा आणखी एक, रक्तावाटे पसरणाऱ्या अज्ञात विषाणूहून निराळा विषाणू असावा.

१४/
येथे एक पाऊल थांबून पाहण्याजोगे आहे. १९८० नंतर ‘नॉन-ए, नॉन-बी’ या एका नकारात्मक नावाखाली दोन निराळे अनोळखी उभे होते. एक अमेरिकेच्या रक्तपेढ्यांत, बाटलीतून शिरेत जाणारा. दुसरा भारतातल्या नळांत, मैल्यातून पोटात जाणारा. पहिला हळूहळू यकृत पोखरणारा, दुसरा धडाक्याने येऊन ओसरणारा. पहिल्याला पुढे ‘सी’ म्हटले गेले, दुसऱ्याला ‘ई’. त्यांना वेगळे ओळखण्याची गरज ज्या साथींनी पुढे आणली, त्या भारतातल्या होत्या.

१५/
१९८१ मध्ये साथ महाराष्ट्रातच आली. कोल्हापूर शहरात पाण्यावाटे काविळीचा उद्रेक झाला. श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी तेथील रक्तनमुन्यांचा अभ्यास करून तो १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. पुन्हा तेच चित्र दिसले: ए नव्हे, बी नव्हे. पुण्याच्या संस्थेचा नमुन्यांचा साठा प्रत्येक साथीगणिक वाढत गेला. त्या वेळी त्या कुप्यांतून काही सिद्ध होत नव्हते. त्यांचे मोल भविष्यातल्या चाचणीवर अवलंबून होते.

१६/
हा केवळ नावाचा प्रश्न नव्हता. ई विषाणूने होणारी कावीळ सर्वसाधारण रुग्णाला सहसा मारत नाही. मृत्यूचे प्रमाण शंभरात एखाद-दुसरे. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत गाठल्यास शंभरातल्या वीस-पंचवीस स्त्रिया दगावू शकतात. ‘कावीळ काय, माळ घातली की उतरते’ हा अनुभव गावातल्या बहुतेकांच्या बाबतीत खरा ठरत असतानाच त्याच गावातल्या गर्भवतीसाठी तो घातक ठरत होता. एका शब्दाने दोघांना एकच दिलासा दिला होता.

१७/
विषाणू दिसला मात्र मॉस्कोत. १९८३ मध्ये मिखाईल बलायान यांनी अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत सैनिकांच्या विष्ठेचा गाळलेला अर्क स्वतः प्राशन केला. त्यांना ए विषाणूची प्रतिकारशक्ती आधीच होती. सुमारे पाच आठवड्यांनी त्यांना कावीळ झाली आणि त्यांच्याच विष्ठेत गोलाकार विषाणुकण आढळले. धाडस अचाट होते. पण एका माणसावरचा प्रयोग म्हणजे पूर्ण पुरावा नव्हे.

१८/
तो पुरावा भक्कम करणाऱ्यांत पुणे होते. १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. सहलेखकांत श्रीनिवासन, पावरी आणि पर्सेल पुन्हा होते. पाण्यावाटे पसरणाऱ्या ‘नॉन-ए, नॉन-बी’ काविळीशी विशिष्ट विषाणुसदृश कणांचा कार्यकारण संबंध या निबंधाने मांडला.

१९/
दुसरा अनोळखी, रक्तातला, वेगळ्याच रीतीने हाती लागला. कॅलिफोर्नियातल्या कायरॉन कंपनीत मायकल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी बाधित चिंपांझीच्या रक्तातली जनुकीय सामग्री जिवाणूंमध्ये तुकड्या-तुकड्याने उतरवली. मग रुग्णाच्या सीरममधली प्रतिपिंडे त्यांपैकी कोणत्या तुकड्याला ओळखतात, याचा शोध घेतला. लक्षावधी तुकड्यांतून एक सापडला. १९८९ मध्ये हिपॅटायटिस सी जाहीर झाला. विषाणू कोणी पाहण्याआधीच त्याची जनुकीय लिपी वाचली गेली होती.

२०/
दावा खरा कशावरून? येथे पुन्हा जपलेले रक्त उपयोगी पडले. ऑल्टर यांच्याकडे सांकेतिक क्रमांक घातलेले सीरमचे नमुने होते; कोणते बाधित, कोणते निरोगी, हे केवळ त्यांना ठाऊक. त्यापूर्वीचे अनेक दावेदार या परीक्षेत नापास झाले होते. कायरॉनची चाचणी उत्तीर्ण झाली. १९९० पासून अमेरिकेत दान केलेले रक्त सी विषाणूसाठी तपासले जाऊ लागले. त्याच वर्षी ई विषाणूच्या जनुकीय सामग्रीचा तुकडाही वेगळा केला गेला.

२१/
आता पुण्यातल्या जुन्या कुप्या बोलू लागल्या. अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी आधीच्या दशकांतल्या साथींचे नमुने नव्या चाचण्यांनी पुन्हा तपासले. भारतातल्या पाण्यावाटे पसरलेल्या काविळीच्या साथी जवळजवळ साऱ्या ई विषाणूच्या होत्या. पुढे याच गटाला भारतीय डुकरांतही ई विषाणू सापडला. पण तो चौथ्या जनुकप्रकाराचा, तर माणसांच्या साथींतला पहिल्या प्रकाराचा. साथींचा दोष डुकरांवर ढकलता येणार नव्हता. दोष पिण्याच्या नळात मिसळणाऱ्या मैल्याचा होता.

२२/
सी विषाणूच्या बाबतीत भारताची कहाणी संथ आहे. पैशासाठी वारंवार रक्त विकणारे व्यावसायिक दाते येथे दीर्घकाळ होते. ४ जानेवारी १९९६ रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा बंद करण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९८ पासून ती थांबली. रक्ताची सी चाचणी मात्र नव्या शतकाच्या आरंभीच सक्तीची झाली. म्हणजे चाचणी जगात उपलब्ध झाल्यानंतर सुमारे दशकभराने. ज्यांना वारंवार रक्त घ्यावे लागे, त्या थॅलेसेमियाग्रस्त मुलांसाठी ते दशक फार महाग ठरले.

२३/
रक्ताइतकाच धोका सुईचा. ‘इंजेक्शन दिले तरच डॉक्टर चांगला’ ही समजूत आणि पुन्हा पुन्हा वापरलेली सुई यांची सांगड बी आणि सी दोन्ही विषाणूंना सोयीची. २००९ मध्ये गुजरातेतल्या मोडासा भागात हिपॅटायटिस बीचा प्राणघातक उद्रेक झाला, तेव्हा वापरलेल्या सिरिंजच त्याच्या मुळाशी असल्याचे पुढे आले. त्याचा शोध घेणाऱ्यांतही पुण्याची संस्था होती.

२४/
सी विषाणूची खरी दहशत त्याच्या शांततेत आहे. बाधितांपैकी सुमारे सत्तर टक्क्यांच्या शरीरात तो कायमचा मुक्काम करतो. त्यांतल्या १५ ते ३० टक्क्यांना वीस वर्षांत सिरॉसिस, म्हणजे यकृत निबर होण्याचा विकार, जडू शकतो, पुढे कर्करोगही. आणि बहुतेकांना प्रारंभी कावीळ होतच नाही. डोळे पिवळे झाल्याशिवाय वैद्याकडे न जाणाऱ्या समाजात पाचांपैकी एक घातक विषाणू ‘कावीळ’ या शब्दाच्या बाहेरच राहिला.

२५/
उपाय आला तो २०१३ च्या डिसेंबरमध्ये: सोफोसबुविर. अमेरिकेत एका गोळीची किंमत १,००० डॉलर, बारा आठवड्यांच्या उपचाराची ८४,००० डॉलर. २०१४ मध्ये गिलियड कंपनीने भारतीय औषध कंपन्यांना उत्पादनाचे परवाने दिले. जानेवारी २०१५ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तिचा एक अर्ज फेटाळला. मे २०१६ मध्ये पेटंट मंजूर केले. या झगड्यादरम्यान भारतीय कंपन्यांच्या स्पर्धेने किंमत मूळ किमतीच्या अल्पांशावर आणली. आजवर सी विषाणूवर लस नाही. तो रूप फार झपाट्याने पालटतो. पण गोळ्यांनी तो ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत पूर्ण नाहीसा होतो.

२६/
२८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि सी विषाणूची तपासणी व औषधे सरकारी व्यवस्थेत मोफत आली. २८ जुलै हा ब्लमबर्ग यांचा जन्मदिवस. २०२० मध्ये ऑल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना नोबेल मिळाले. चू आणि कुओ त्यात नव्हते. त्यांना वगळल्यामुळेच हॉटन यांनी २०१३ मध्ये कॅनडाचा गेर्डनर पुरस्कार नाकारला होता.

२७/
ई विषाणूची कथा मात्र गोळीवर संपत नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसे दगावली. कोल्हापूरच्या १९८१ च्या साथीला तेव्हा एकतीस वर्षे झाली होती, आणि नदी तीच, पंचगंगा. आता विषाणूला नाव होते, चाचणी होती, कारणही ठाऊक होते. नव्हते ते एवढेच: मैलावाहिनी आणि जलवाहिनी यांच्यातले खात्रीचे अंतर.

२८/
इतिहासाचा हिशेब असा: दिल्ली, अहमदाबाद, काश्मीर आणि कोल्हापूरच्या अनाम रुग्णांनी दिलेल्या काही थेंब रक्ताने एका शब्दाचे पाच अर्थ वेगळे केले. म्हणून आज भोकरमध्ये कोणाचे डोळे पिवळे झाले, तर ‘कावीळ आहे’ हे उत्तर अपुरे ठरते. ए की ई, बी की सी, हे रक्तच सांगते. घरात गर्भवती असेल, तर पाणी उकळणे आणि दवाखाना गाठणे यांत माळेसाठी सवड नाही. आणि ज्याने २००० सालापूर्वी कधी रक्त चढवून घेतले, त्याने डोळे पिवळे होण्याची वाट न पाहता सी विषाणूची चाचणी एकदा करून घ्यावी. तो विषाणू रंग दाखवत नाही.